विद्युत प्रणालीची अरेषीय स्थिरता व नियंत्रण
धक्का बसल्यानंतरही जाळ्यातली सगळी जनित्रे एकमेकांशी समकालिक राहणे, म्हणजे विद्युत प्रणालीची रोटर-कोन स्थिरता. धक्का हा वाहिनीवरच्या शॉर्टसर्किटचा असेल, नाहीतर एखादा मोठा संच ट्रिप झाल्याचा.

जनित्रातून बाहेर पडणारी शक्ती रोटरच्या कोनाच्या ज्येच्या प्रमाणात बदलते. अरेषीयतेचे मूळ मुख्यतः इथे आहे. कोन ९० अंशांपर्यंत वाढला की शक्ती वाढते, पुढे घटू लागते. कमाल मर्यादेच्या निम्मी शक्ती पाठवणारे जनित्र ३० अंशांवर स्थिर असते. समतोल १५० अंशांवरही साधतो, पण तो अस्थिर. तो ओलांडला की रोटर परत फिरत नाही, संच समकालिकता गमावतो. याच जनित्राच्या तोंडाशी त्रिकला शॉर्टसर्किट झाले तर वीज बाहेर जात नाही, टर्बाइन मात्र ढकलतच राहते. दोष हटल्यावर वाहिनी पूर्ववत होते असे धरले, तर शक्ती-कोन वक्रावरची प्रवेगाची व मंदनाची क्षेत्रफळे जुळवणाऱ्या समक्षेत्र कसोटीनुसार हा दोष, रोटर सुमारे ७९.६ अंशांवर पोचण्याआधी हटायला हवा. ही निम्मी शक्तीच ज्याचा पूर्ण भार आहे अशा, ५ सेकंद जडत्वस्थिरांकाच्या, ५० हर्ट्झ यंत्रासाठी हा अवधी ०.२३ सेकंद येतो. रिले आणि ब्रेकर यांना त्याच्या आत काम उरकावे लागते.

अनेक जनित्रे असली की असे क्षेत्रफळ मोजून भागत नाही. मग अलेक्सांद्र ल्यापुनोव्ह यांच्या १८९२च्या प्रबंधातली कल्पना कामी येते : प्रणालीसाठी ऊर्जेसारखे फलन मांडायचे आणि दोष हटतेवेळी त्याचे मूल्य सीमेच्या आत आहे का, एवढेच तपासायचे. पुढची हालचाल पायरीपायरीने सोडवत बसावी लागत नाही. आयआयटी कानपूर व नंतर इलिनॉय विद्यापीठात शिकवणारे एम. ए. पै यांचा या पद्धतीवरचा १९८१चा ग्रंथ प्रसिद्ध आहे. पद्धत देखणी खरी. पण वाहिन्यांमधला रोध धरला की काटेकोर ऊर्जाफलन सापडत नाही, अंदाजावर भागवावे लागते.

नियंत्रणात खरी गंमत आहे. विद्युतदाब झटपट सावरणारा स्वयंचलित नियंत्रक पहिल्या हेलकाव्यात रोटरला आवरतो, पण जड भारावर तोच अवमंदन खाऊन टाकतो, आणि लहानसे आंदोलनही विझायचे नाव घेत नाही. फ्रान्सिस्को डी मेलो व चार्ल्स कॉन्कॉर्डिया यांनी १९६९ मध्ये याचे विश्लेषण केले. तेव्हापासून उत्तेजन प्रणालीला वेगावर आधारलेला पूरक संकेत देणारा ‘पॉवर सिस्टिम स्टॅबिलायझर’ रूढ झाला. तो सहसा एका कार्यबिंदूभोवतीच्या रेषीय प्रतिमानावर जुळवतात, त्यामुळे भार किंवा जाळ्याची रचना बदलली की जुळणी ढळू शकते. १० ऑगस्ट १९९६ रोजी पश्चिम अमेरिकेचे जाळे वाढत्या आंदोलनांनी तुटले. नियोजनासाठी वापरलेल्या संगणकीय प्रतिमानांत मात्र ती आंदोलने विझताना दिसत होती.

३१ डिसेंबर २०१३ रोजी सोलापूर–रायचूर ७६५ केव्ही वाहिनीने दक्षिणेचे जाळे उर्वरित भारताशी समकालिक झाले. जाळे असे पसरले की दूरच्या प्रदेशांतले जनित्रसमूह एकमेकांविरुद्ध संथ हेलकावे घेऊ लागतात, आणि तेही आवरावे लागतात. सौर-पवन प्रकल्पांच्या इन्व्हर्टरना फिरते जडत्व नसते. शिवाय त्यांचा प्रवाह ठरावीक मर्यादेला टेकला की त्यापुढे वाढत नाही. ही अरेषीयता ज्येच्या वक्रासारखी सौम्य नाही, एकदम तुटक आहे. म्हणून फिरत्या यंत्रांसाठी बेतलेली ऊर्जाफलने तिथे जशीच्या तशी लागू पडत नाहीत.