उतारा आधीचा, विष नंतरचे

अजिंठ्याची लेणी सोयगाव तालुक्यात आहेत. पर्यटकाला हा भाग वाघूर नदी आणि भित्तिचित्रांमुळे ठाऊक. बनोटी, सावळदबाऱ्याकडे मात्र वर्षाचे गणित कपाशीवर चालते. इथल्या जनावरांच्या विषबाधेचा इतिहासही कपाशीच्याच मागोमाग आला.

कीटकनाशके येण्याआधी बैल अचानक आडवा झाला, तर संशय सर्पदंशावर किंवा पावसाने ओढ दिल्यावर खुरटलेल्या ज्वारीच्या कोवळ्या फुटव्यांवर. त्या फुटव्यांतून सायनाइड बाधते. १९४८ साली हा भाग ज्यात होता ते हैदराबाद संस्थान भारतात विलीन झाले आणि त्याच वर्षी डीडीटीची कीटकनाशक ताकद शोधणाऱ्या पॉल म्युलर यांना नोबेल मिळाले. पाठोपाठ बीएचसीची भुकटी आली. पिकावर तीच, गोचिडांसाठी जनावराच्या अंगावरही तीच. हे विष चरबीत साठते, दुधातून उतरते आणि त्यावर नेमका उतारा नाही. झटके आवरायला गुंगीचे औषध, एवढेच. बीएचसीवर बंदी आली ती १९९७ मध्ये.

ऑर्गॅनोफॉस्फरस गटाची कथा वेगळी. जर्मनीत गेरहार्ड श्राडर यांनी १९४४ मध्ये पॅराथिऑन बनवले. ते फॉलिडॉल नावाने भारतात आले. १९५८ मध्ये जहाजात ते पिठावर सांडले आणि केरळात शंभराहून अधिक माणसे मेली. कीटकनाशक कायदा झाला १९६८ मध्ये. कपाशीच्या पट्ट्यात पुढे याच गटातले मोनोक्रोटोफॉस आणि थायमेट रुळले. फवारा उडालेले बांधावरचे गवत, पंप धुतलेला हौद, औषधाच्या रिकाम्या डब्यात कालवलेले आंबोण, अशा वाटांनी ते गोठ्यात शिरते. मग लाळेच्या तारा, बारीक झालेली डोळ्याची बाहुली, पातळ शेण, थरथरणारे स्नायू, छातीत घरघर.

नवल असे की, उताऱ्याचे ॲट्रोपिन एकोणिसाव्या शतकातच हाती आले होते. अडचण मात्रेची. ३०० किलोच्या बैलाला ६० ते १५० मिलिग्रॅम लागते आणि माणसांसाठीच्या नेहमीच्या कुपीत असते ०.६ मिलिग्रॅम. म्हणजे शंभर ते अडीचशे कुप्या! साधारण पाव मात्रा शिरेतून, उरलेली कातडीखाली. जास्त झाली की रवंथ थांबून पोट फुगते. जोडीला द्यायचे पॅम हे औषध १९५५ च्या सुमाराचे, आणि तेही वेळेत दिले तरच चालते. तोवर घरच्यांनी नळ्याने तेल-ताक पाजलेले असते. थरथरत्या जनावराच्या फुप्फुसात ते उतरले, तर विषापेक्षा उपचारच महागात पडतो.

२००२ मध्ये बीटी कापूस आला, बोंडअळीवरच्या फवारण्या घटल्या. नंतर गुलाबी बोंडअळी त्यालाही पुरून उरली. २०१७ मध्ये यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर दगावले, तेव्हा राज्य हादरले. गुराढोरांची चर्चा तेव्हाही फारशी झाली नाही. थायमेट आणि नुवान २०२० अखेर बंद झाले, पण त्याच गटातली इतर औषधे दुकानात आहेतच.

म्हणून जनावर लाळ गाळू लागले, तर काही पाजत बसू नका. औषध अंगावर उडाले असेल तर हातमोजे घालून साबणाने धुवा आणि डबा लेबलासकट पशुवैद्यकांच्या हाती द्या.