वारा, घाम आणि सूत

धुतलेले धोतर वाळत घालताना आपण वाऱ्याची बाजू पाहतो. ओल्या कापडाला चिकटून वाफेने भरलेल्या हवेचा एक पातळ थर बसतो. तो जागचा हलला नाही, तर मागच्या पाण्याला सुटायला वाव राहत नाही. वारा तो थर उडवून लावतो आणि कोरडी हवा आणून देतो. गोष्ट एवढीच, पण तिच्यावरून गिरणीत मोठे तंटे झाले आहेत.

हा प्रकार आकड्यांत मांडला मँचेस्टरच्या जॉन डाल्टनने, १८०२ साली. शिकवण्या करून पोट भरणारा हा शास्त्रज्ञ मूळचा हातमाग विणकराचा मुलगा. उकळत्या पाण्याच्या सहा इंची भांड्यातून मिनिटाला शांत हवेत १२० ग्रेन पाणी उडत असेल, तर जोराच्या वाऱ्यात १८९ ग्रेन उडते, असे त्याचे कोष्टक सांगते. हवेत आधीच ओल असेल, तर हा वेग मंदावतो, हेही त्याने दाखवले.

पुढे याच मुलखात त्याची कसोटी लागली. १८६१ ते १८६५ च्या युद्धामुळे अमेरिकन कापूस बंद पडला आणि लँकेशायरला आपल्याकडचा ‘सुरती’ कापूस घ्यावा लागला. त्याचा धागा आखूड, तुटका. मग खळीत चिनी माती घालण्याचे प्रमाण वाढले. अशी जड खळ दिलेला ताणा कोरड्या हवेत तडकतो. म्हणून मागखात्याच्या खिडक्या बंद झाल्या आणि आत वाफ सोडली जाऊ लागली. सूत शाबूत राहिले. विणकरणीचा घाम मात्र अंगावरच राहिला.

येथे मालकाला नुसता खोटा ठरवून भागत नाही. मजुरी कापडाच्या मापावर होती. सूत तुटले की विणकराचाही पैसा बुडे. ज्या वाऱ्याने अंग निवते, त्याच वाऱ्याने ताणा सुकतो. तरीही विणकरांच्या संघटना वाफेविरुद्ध झगडल्या. १८८९ च्या कायद्याने ओलाव्याला मर्यादा घातली आणि दर माणशी तासाला ६०० घनफूट ताजी हवा ठरवली. कायद्याने ओल मोजली, हवा मोजली. पण ती हवा अंगावरून किती वेगाने वाहते, हे मोजले नाही.

ती उणीव १९०५ साली जे. एस. हॉल्डेन यांनी दाखवली. ते स्वतः कॉर्नवॉलच्या तापलेल्या खाणीत उतरले. ओली चिंधी गुंडाळलेला तापमापक शांत हवेत ८८ अंश फॅरनहाइटच्या वर गेला, की स्वस्थ बसलेल्या उघड्या माणसाचेही अंग तापू लागते. वारा वाहता असेल, तर ही मर्यादा ९३ अंशांपर्यंत सरकते, असे त्यांना आढळले. श्रम करणाऱ्याची मर्यादा अर्थातच पुष्कळ खाली.

आपल्याकडे १९४८ च्या कारखाना कायद्यात कृत्रिम ओलाव्यासाठी १५ वे कलम आले. पण एका यंत्रमागाच्या शेडमध्ये आम्ही पंखे मागितले, तेव्हा उत्तर तेच मिळाले : सूत तुटेल. पंख्याचे तोंड ताण्याकडे नको, माणसाच्या पाठीकडे करा, असे आमचे म्हणणे. ते पटवण्यात दोन उन्हाळे गेले.