ख्रिस्ती चर्च आणि स्त्रियांचा उपदेशाधिकार

ठाणे जिल्ह्यात मानपाडा या नावाच्या दोन वस्त्या आहेत. एक ठाणे शहरात घोडबंदर रस्त्यावर आणि दुसरी डोंबिवलीच्या पूर्वेस कल्याण-शीळ रस्त्यावर. या दोन मानपाड्यांच्या परिसरात गेल्या काही दशकांत जी नवी नागरी वस्ती उभी राहिली, तिच्यात मराठी, कोकणी, मल्याळी आणि तमिळ भाषिक ख्रिस्ती कुटुंबेही आली. ठाण्यात पोर्तुगीज काळापासूनचे सेंट जॉन द बॅप्टिस्ट हे कॅथलिक चर्च आहे. ब्रिटिश अमदानीतले सेंट जेम्स चर्च हे आज चर्च ऑफ नॉर्थ इंडिया या प्रॉटेस्टंट संघटनेत मोडते. केरळी परंपरेच्या सीरो-मलबार कॅथलिकांसाठी १९८८ साली कल्याण हा स्वतंत्र धर्मप्रांत स्थापन झाला. स्त्रीला चर्चमध्ये उपदेश करता येतो काय, असा प्रश्न या परिसरात विचारल्यास थोड्याथोड्या अंतरावर निरनिराळी उत्तरे मिळतात. एका चर्चमध्ये स्त्रीला पाळक होण्यास नियमाची आडकाठी नाही. दुसऱ्यात ती वाचन करील, मुलांना धर्मशिक्षण देईल, पण वेदीपाशी उभी राहून मिस्सा अर्पण करणार नाही. तिसऱ्यात तिने मस्तक झाकून मौन पाळावे, अशीच अपेक्षा असते.

एकाच धर्मग्रंथाला प्रमाण मानणाऱ्या या चर्चेसमध्ये एवढा फरक का पडावा, हे समजून घेण्यासाठी प्रथम त्या ग्रंथातील वचनांकडे आणि नंतर महाराष्ट्रातल्या एका विलक्षण स्त्रीच्या चरित्राकडे वळावे लागते.

वादाचे मूळ

स्त्रियांच्या उपदेशाला विरोध करणारे प्रामुख्याने नव्या करारातील दोन उताऱ्यांचा आधार घेतात. करिंथकरांस लिहिलेल्या पहिल्या पत्राच्या चौदाव्या अध्यायात स्त्रियांनी मंडळीत गप्प राहावे, असे सांगितले आहे. तीमथ्याला लिहिलेल्या पहिल्या पत्राच्या दुसऱ्या अध्यायात स्त्रीने पुरुषाला शिकवू नये व त्याच्यावर अधिकार चालवू नये, असा आदेश येतो. ही दोन्ही पत्रे परंपरेने प्रेषित पौलाची मानली जातात.

परंतु त्याच नव्या करारात याच्या उलट साक्ष देणारी स्थळेही पुष्कळ आहेत. करिंथच्याच पत्रात, तीन अध्याय आधी, स्त्रिया प्रार्थना करतात आणि संदेश देतात हे गृहीत धरून त्यांनी मस्तक कसे झाकावे याची चर्चा आली आहे. प्रेषितांच्या कृत्यांत प्रिस्किल्ला आणि तिचा पती अक्विल्ला हे अपुल्लो नावाच्या विद्वान वक्त्याला धर्ममार्ग अधिक अचूकपणे समजावून सांगतात. रोमकरांस लिहिलेल्या पत्राच्या शेवटी पौल मंडळीची सेविका फिबी हिची शिफारस करतो आणि युनिया हिचा प्रेषितांच्या संदर्भात गौरव करतो. योहानाच्या शुभवर्तमानानुसार पुनरुत्थित येशूचे दर्शन प्रथम मग्दालिया मरीयेला झाले आणि ती वार्ता शिष्यांना सांगण्याची कामगिरीही तिच्यावरच सोपविण्यात आली.

या परस्परविरोधी वाटणाऱ्या वचनांचा मेळ कसा घालावा, यावर अभ्यासकांत मतभेद आहेत. काहींच्या मते मौनाचा आदेश त्या काळच्या करिंथ येथील गोंधळापुरता होता. तीमथ्याला लिहिलेले पत्र पौलाचे नसून त्याच्या नंतरच्या पिढीतले आहे, असे अनेक आधुनिक अभ्यासक मानतात. परंपरावादी पक्षाचे म्हणणे असे, की हा आदेश सृष्टीच्या मूळ रचनेशी जोडलेला असल्यामुळे तो सर्वकाळ लागू आहे. स्त्री-पुरुष योग्यतेने समान असले तरी त्यांची कार्ये वेगळी आहेत.

एक प्रश्न की तीन?

या वादात बऱ्याचदा तीन भिन्न प्रश्न एकत्र मिसळले जातात. पहिला शिकविण्याचा. मुलांना, स्त्रियांना, नवदीक्षितांना धर्मशिक्षण देण्याचे काम जवळजवळ सर्वच चर्चेसमध्ये स्त्रिया पूर्वापार करीत आल्या आहेत. दुसरा प्रश्न भर उपासनेत, पुरुषांसमोर प्रवचन करण्याचा. तिसरा दीक्षा घेऊन पाळक, धर्मगुरू किंवा बिशप होण्याचा. म्हणजेच प्रभुभोजनाचा विधी चालविण्याचा व मंडळीवर अधिकार गाजविण्याचा. पहिल्याला सहसा विरोध नसतो. खरा वाद दुसऱ्या पायरीवर सुरू होतो आणि तिसऱ्या पायरीवर तीव्र होतो.

मराठी मुलखातही हाच क्रम दिसतो. अमेरिकन मराठी मिशनचे काम मुंबईत १८१३ साली सुरू झाले. १८२७ साली आलेल्या सिंथिया फरार या अविवाहित शिक्षिकेने मुंबईत आणि पुढे अहमदनगरला मुलींच्या शाळा चालविल्या. तिच्या पाठोपाठ निरनिराळ्या मिशनांनी ‘बायबल वुमन’ नेमल्या. या बहुतेक एतद्देशीय स्त्रिया होत्या. पुरुष मिशनऱ्यांना प्रवेश नसलेल्या माजघरांत जाऊन त्या वाचन शिकवीत व धर्मग्रंथ समजावून देत. त्यांच्यावाचून मिशनचे काम स्त्रियांपर्यंत पोहोचलेच नसते. तरीही व्यासपीठ आणि पाळकपद पुरुषांकडेच राहिले.

याला ठळक अपवाद मुक्तिफौजेचा. १८८२ साली फ्रेडरिक टकर यांच्या नेतृत्वाखाली मुंबईत उतरलेल्या चौघांच्या पहिल्या तुकडीतच एक स्त्री होती. मुक्तिफौजेच्या सहसंस्थापक कॅथरिन बूथ यांनी स्त्रियांच्या उपदेशाधिकाराचे समर्थन करणारी पुस्तिका १८५९ सालीच लिहिली होती. त्यामुळे या संघटनेत स्त्री-अधिकाऱ्यांनी चौकात उभे राहून उपदेश करणे हा आरंभापासूनच रिवाज ठरला.

रमाबाईंचा पेच

या प्रश्नाचे सर्वांत बोलके उदाहरण म्हणजे पंडिता रमाबाई. १८५८ साली जन्मलेल्या रमाबाईंचे वडील अनंतशास्त्री डोंगरे यांनी सनातन्यांचा रोष पत्करून आपल्या पत्नीला संस्कृत शिकविले. आईकडून ती विद्या मुलीकडे आली. तीर्थक्षेत्रांतून भटकंती करणाऱ्या या कुटुंबाचा चरितार्थ पुराणकथनावर चाले आणि रमाबाईही श्रोत्यांसमोर पुराणे सांगत. १८७८ साली कलकत्त्याच्या विद्वानांनी त्यांना ‘पंडिता’ आणि ‘सरस्वती’ या पदव्या दिल्या. १८८२ साली पुण्यात त्यांनी आर्य महिला समाज स्थापन केला आणि हंटर आयोगापुढे स्त्रीशिक्षणाविषयी साक्ष दिली. थोडक्यात, पुरुषांनी भरलेल्या सभेत बोलणे हे त्यांना नवीन नव्हते.

१८८३ साली त्या इंग्लंडला गेल्या. वाँटेज येथील अँग्लिकन जोगिणींच्या मठात राहत असताना त्याच वर्षी २९ सप्टेंबरला त्यांनी बाप्तिस्मा घेतला. पुढे त्या चेल्टनहॅम येथील मुलींच्या कॉलेजात शिकू व शिकवू लागल्या. तेथील मुख्याध्यापिका डोरोथिया बील यांचा त्यांच्यावर लोभ होता. रमाबाईंनी तरुण पुरुष विद्यार्थ्यांनाही शिकवावे, अशी कल्पना पुढे आली तेव्हा मात्र लाहोर आणि मुंबई येथील अँग्लिकन बिशपांनी हरकत घेतली. तिने पुरुषांना शिकविले हे हिंदुस्थानात कळले, तर तेथील समाजात तिचे वजन राहणार नाही, असे त्यांचे म्हणणे होते.

रमाबाईंना या हरकतीचे आश्चर्य वाटले आणि १८८५ सालच्या पत्रव्यवहारात त्यांनी ते स्पष्ट शब्दांत मांडले. आपल्या आईने वा आपण तरुण पुरुषांना शिकविण्यास आपल्या वडिलांनी किंवा पतीने कधी आडकाठी केली नाही आणि येथे इंग्रज ती करीत आहेत, असा त्यांच्या म्हणण्याचा आशय होता. स्वदेशात स्त्रियांना डांबून ठेवणारी बंधने तोडण्यासाठी त्या झटत होत्या. तीच बंधने त्यांच्याच देशाची रीत म्हणून पुढे करून त्यांना गप्प बसविले जात होते. मठातील त्यांच्या मार्गदर्शक सिस्टर जेराल्डिन यांनी त्यांना चर्चच्या अधिकाऱ्यांपुढे नम्र होण्याचा सल्ला वारंवार दिला. एका पुरोहितवर्गाच्या जोखडातून सुटल्यावर लगेच दुसऱ्याच्या जोखडाखाली मान देण्यास आपण तयार नाही, अशी रमाबाईंची भूमिका राहिली. हा पत्रव्यवहार सिस्टर जेराल्डिन यांनीच जपून ठेवला आणि १९७७ साली तो महाराष्ट्र राज्य साहित्य संस्कृती मंडळाने प्रसिद्ध केला.

या प्रसंगात लक्षात घेण्याजोगी गोष्ट अशी, की आक्षेप भाषेच्या अध्यापनाला होता. धर्मोपदेशाचा तेथे संबंधही नव्हता. ‘स्त्रीने पुरुषाला शिकवू नये’ या वचनाची कक्षा सोयीनुसार किती ताणली जाऊ शकते, हे त्यावरून दिसते.

मुक्ती मिशन आणि बायबलचे भाषांतर

मायदेशी परतल्यावर रमाबाईंनी ११ मार्च १८८९ रोजी मुंबईत शारदा सदन सुरू केले. पुढे ते पुण्यास हलले आणि दुष्काळाच्या काळात केडगाव येथे मुक्ती मिशन उभे राहिले. येथे शिक्षिका, व्यवस्थापक, छापखान्यातील कामगार आणि प्रार्थनासभा चालविणाऱ्या बहुतांशी स्त्रियाच होत्या. १९०५ साली मुक्ती येथे जी धार्मिक जागृती झाली, तिच्या लाटेत तरुण मुलींचे गट आसपासच्या खेड्यांत उपदेशासाठी जाऊ लागले. त्यासाठी कोणत्याही बिशपाची परवानगी मागण्यात आली नव्हती आणि रमाबाईंनी कोणतेही धर्मपद स्वीकारले नव्हते.

आयुष्याच्या उत्तरार्धात त्यांनी हिब्रू आणि ग्रीक या भाषा आत्मसात केल्या व संपूर्ण बायबल मूळ भाषांवरून सोप्या मराठीत आणले. त्याची छपाई मुक्तीच्याच छापखान्यात स्त्रियांच्या हातून झाली. ५ एप्रिल १९२२ रोजी रमाबाईंचे निधन झाले आणि १९२४ साली हे भाषांतर पूर्ण स्वरूपात प्रकाशित झाले. संपूर्ण बायबल एकट्याने भाषांतरित करणाऱ्या स्त्रिया जगात मोजक्याच आहेत. स्त्रीने मौन पाळावे हे सांगणारे वचन मराठी वाचकाला एका स्त्रीच्या शब्दांत वाचावयास मिळाले.

लक्ष्मीबाई टिळक यांचेही उदाहरण येथे आठवते. नारायण वामन टिळक यांनी अपुरे ठेवलेले ‘ख्रिस्तायन’ हे काव्य पतीच्या निधनानंतर लक्ष्मीबाईंनी बहुतांशी स्वतः रचून तडीस नेले. ‘स्मृतिचित्रे’च्या लेखिका म्हणून महाराष्ट्र त्यांना ओळखतो, पण ख्रिस्तचरित्र ओवीबद्ध करून सांगणाऱ्या धर्मकवयित्री म्हणूनही त्यांचे स्थान मोठे आहे.

आजची स्थिती

पाळकपदाची दारे मात्र फार हळू उघडली. अमेरिकेत अँटोनेट ब्राउन यांना १८५३ साली एका कॉंग्रिगेशनल मंडळीने दीक्षा दिली. अँग्लिकन पंथात फ्लॉरेन्स ली टिम-ओई या चिनी स्त्रीला १९४४ साली, युद्धामुळे धर्मगुरूंचा तुटवडा पडला असताना, दीक्षा मिळाली. खुद्द इंग्लंडच्या चर्चने १९९२ साली हा निर्णय घेतला आणि १९९४ साली स्त्रियांना प्रथम धर्मगुरुपद दिले. तेथे पहिली स्त्री-बिशप २०१५ साली झाली. २०२५ च्या ऑक्टोबरमध्ये कँटरबरीच्या आर्चबिशपपदासाठी सारा मलाली यांची निवड जाहीर झाली. त्या पदावर निवड झालेल्या त्या पहिल्याच स्त्री होत. ज्या चर्चच्या बिशपांनी रमाबाईंच्या अध्यापनाला हरकत घेतली, त्याच चर्चचे हे सर्वोच्च पद होय.

भारतात चर्च ऑफ साउथ इंडियाने २०१३ साली ई. पुष्पा ललिता यांना नंद्याल धर्मप्रांताच्या बिशप म्हणून दीक्षा दिली. १९७० साली नागपूर येथे अनेक प्रॉटेस्टंट मंडळ्यांच्या विलीनीकरणातून स्थापन झालेल्या चर्च ऑफ नॉर्थ इंडियामध्येही स्त्रियांना पाळकदीक्षा दिली जाते. मात्र ऑर्थोडॉक्स आणि मार थोमा चर्चमध्ये स्त्रियांना धर्मगुरुपद नाही. ब्रेदरन मंडळ्यांत स्त्रियांच्या मौनाचा नियम परंपरेने पाळला जातो. पेन्टेकॉस्टल मंडळ्यांत स्थानिक नेतृत्वाप्रमाणे प्रथा बदलतात.

कॅथलिक चर्चची भूमिका ठाम आहे. येशूने बारा प्रेषित म्हणून पुरुषांचीच निवड केली, म्हणून स्त्रियांना धर्मगुरुपद देण्याचा अधिकारच चर्चला नाही, असे पोप जॉन पॉल दुसरे यांनी १९९४ साली जाहीर केले. मात्र स्त्रियांच्या अध्यापनाला या चर्चने मोठी मान्यता दिली आहे. आविलाची तेरेसा आणि सिएनाची कॅथरिन यांना १९७० साली ‘चर्चचे आचार्य’ ही पदवी मिळाली. १९८३ च्या धर्मसंहितेनुसार मिस्सेतील प्रवचन धर्मगुरू किंवा डीकन यांनीच करावयाचे असले, तरी अन्य प्रसंगी चर्चमध्ये उपदेश करण्याची परवानगी प्रापंचिकांना, अर्थात स्त्रियांनाही, मिळू शकते. २०२१ साली पोप फ्रान्सिस यांनी वाचक आणि वेदीसेवक ही पदे स्त्रियांना रीतसर खुली केली. स्त्री-डीकनांचा प्रश्न अद्याप सुटला नसल्याचे २०२४ च्या सिनडच्या अंतिम दस्तऐवजात नमूद आहे.

या सर्व इतिहासातून एक सूत्र हाती लागते. स्त्रियांनी शिकविणे कोणत्याही काळात थांबले नाही. वाद झाला तो त्या शिकविण्याला अधिकार म्हणावे की सेवा, यावर. माजघरात जाणारी बायबल वुमन आणि रविवारी मुलांना धर्मशिक्षण देणारी आजची शिक्षिका या दोघींवर चर्चने आपली पुढची पिढी सोपविली. मुलांची श्रद्धा ज्यांच्या हाती विश्वासाने दिली जाते, त्यांचे शब्द ती मुले मोठी झाल्यावर व्यासपीठावरून का ऐकू नयेत, हा प्रश्न रमाबाईंच्या पत्रांनंतरही अनेक चर्चेसना सोडवावयाचाच आहे.