ई-मेलचे संपीडन (सर्व्हरवरील)

सर्व्हरवर आलेला ई-मेल डिस्कवर लिहिताना कमी जागेत बसवणे आणि वाचकाने मागताच तो जसाच्या तसा मूळ रूपात परत देणे, या पद्धतीला ई-मेलचे संपीडन म्हणतात. तिचा लाभ सर्वच भाषांना होतो. पण मराठी पत्रव्यवहाराला तिची गरज इंग्रजीहून जास्त आहे. १९९२ साली केन थॉम्पसन आणि रॉब पाइक यांनी आखलेल्या यूटीएफ-८ संकेतप्रणालीत रोमन अक्षराला एक बाइट लागतो, देवनागरीतील प्रत्येक चिन्हाला तीन. धुळे जिल्ह्यातील साक्री या तालुक्याच्या गावाचे नाव काना, वेलांटी आणि हलन्तचिन्ह धरून सहा चिन्हांचे, म्हणजे १८ बाइटांचे होते. रोमन लिपीत ते पाच बाइटांत मावते. त्यात ई-मेलची यंत्रणा मुळात सात बिटांच्या अक्षरांसाठी घडलेली. त्यामुळे प्रवासासाठी मजकुरावर आणखी एक वेष्टन चढते: बेस-६४ पद्धतीत हेच नाव २४ बाइटांचे होते, कोटेड-प्रिंटेबलमध्ये ५४ बाइटांचे.

ही वाढ नव्या माहितीची नसते. देवनागरी चिन्हाच्या तीन बाइटांपैकी पहिला नेहमी एकच असतो आणि दुसऱ्याला दोनच पर्याय असतात. अशी पुनरावृत्ती हेरून तिच्या जागी छोटा निर्देश ठेवण्याची रीत झिव आणि लेम्पेल यांनी १९७७ मध्ये मांडली. जीझिप आणि झेडस्टँडर्ड ही संपीडनाची साधने तिच्यावरच उभी आहेत. जोडलेली जेपीईजी छायाचित्रे आधीच आवळलेली असतात, मग त्यांत काय वाचणार, असा आक्षेप घेतला जातो. पण तीही बेस-६४ च्या वेष्टनातच येतात, आणि बेस-६४ मध्ये आठ बिटांच्या जागेत सहाच बिटांचा ऐवज असतो. वारंवारतेनुसार लहानमोठे संकेत देणारी हफमन पद्धत ती वाया गेलेली सुमारे पाव जागा परत मिळवते. एलझेड४ या संपीडन साधनात हा टप्पा नाही, म्हणून वेगवान असूनही ते येथे तोकडे पडते.

डिस्क स्वस्त आहेत हे खरे. मात्र प्रत्येक संदेशाच्या बॅकअप प्रतीही जागा आणि वेळ खातात. मोठा आक्षेप सुरक्षिततेचा आहे: आवळलेल्या फाइलचा एक बाइट बिघडला, तर पुढचा सगळा मजकूर हातचा जाऊ शकतो. मेलडिर रचनेत प्रत्येक संदेशाची फाइल वेगळी असल्याने नुकसान एका संदेशापुरते राहते. तरीही बॅकअपला पर्याय नाही. डव्हकॉटसारखा सर्व्हर एकाच पेटीतील आवळलेले आणि साधे, दोन्ही संदेश वाचतो. त्यामुळे जुन्या साठ्याला हात न लावता आजपासून येणाऱ्या टपालापुरते संपीडन सुरू करता येते. मराठीत चालणाऱ्या कार्यालयांनी आपल्या सर्व्हरवर ते सुरू ठेवणे म्हणूनच योग्य ठरते.