रोमांतील खासगी नळांचे परवाने व फ्राँटिनसची पोथी

घरांत नळ घेणें किंवा असलेला नळ वाढविणें यास सरकारी परवाना लागतो, ही अर्वाचीन नगरपालिकांची निर्मिति होय असा सामान्य समज आहे. परंतु एकोणीसशें वर्षांपूर्वीं रोम शहरांत ही पद्धति पूर्ण रूढ होती, याचा लेखी पुरावा एका पोथीनें राखिला आहे. इ. स. ९७ मध्यें बादशहा नर्व्हा यानें सेक्स्टस ज्यूलियस फ्राँटिनस यास जलखात्याचा मुख्य नेमिलें. हाताखालच्या लोकांच्या सांगण्यावर विसंबून कारभार हांकणें लाजिरवाणें, असें मानून त्यानें स्वतःच्या माहितीसाठीं जें टिपण केलें, तेंच हें. इ. स. १४२९ मध्यें पोज्जो ब्राच्चोलिनी यास माँते कासिनोच्या मठांत त्याची प्रत सांपडली. ती बाराव्या शतकांतील असून उपलब्ध इतर प्रती तिजवरूनच उतरल्या, असें पाठशोधकांचें मत आहे.

परवान्याची रीत येणेंप्रमाणें होती. ज्यास खासगी पाणी पाहिजे त्यानें बादशहाकडे अर्ज करून त्याचें पत्र जलाधिकाऱ्यास दाखवावें. मग कांशाचें नळकांडें बसवीत. तें निदान १२ अंगुळें लांब असावें व त्याच्या मापाची खात्री करून त्यावर शिक्का मारावा, असा नियम होता. कांसें सहजीं वाकत वा पसरत नाहीं, म्हणून हा धातु. पुढें ५० रोमन फुटांपर्यंत नळ त्याच मापाचा लागे. परवाना व्यक्तीचा असे, घराचा नसे. घर विकलें किंवा वारसाकडे गेलें तर नवें पत्र आणावें लागे. बांधकामासहि निर्बंध होता. कमानींच्या दोन्हीं बाजूंस १५ फूट व भुयारी जलमार्गालगत ५ फूट जागा मोकळी ठेवावी, तींत घर, थडगें वा झाड नसावें. मोडणारास १०,००० सेस्टर्स दंड.

असें असतां लबाडी चालेच. कोठें नळकांड्यावर शिक्का नाहीं, कोठें माप मोठें, कोठें तें मुद्दाम खालच्या पातळीवर बसविलेलें. नव्या मालकासाठीं नवें भोंक पाडून जुनें तसेंच ठेवीत आणि खात्याचे नोकर त्याचें पाणी विकीत. फ्राँटिनसास दप्तरांत १२,७५५ क्विनारिया जमा व १४,०१८ खर्च आढळला. म्हणजे जमेपेक्षां खर्च १,२६३ नें अधिक! उगमाशीं स्वतः मोजतां जमा दप्तरापेक्षां सुमारें १०,००० नें वाढली. ही तफावत तो मुख्यत्वें चोरीच्या माथीं मारितो.

येथें आमचा मतभेद आहे. क्विनारिया हें नळाच्या तोंडाच्या क्षेत्रफळाचें माप. प्रवाहाच्या वेगाचा हिशेब त्यांत नाहीं. वेगानें पाणी वाढतें हें त्यास ठाऊक होतें, पण तो वेग त्याच्या आंकड्यांत उतरला नाहीं. तेव्हां १०,००० हा आंकडा चोरीचा पुरावा म्हणून घेतां येत नाहीं. चोरी मात्र खरी. फरसबंदीखालचे चोरनळ उपटतांना किती शिसें निघालें, याचा तो उल्लेख करितो. तसेंच रोमांत सांपडलेल्या शिशाच्या नळांवर मालकांचीं नांवें उठावाच्या अक्षरांत आहेत. तीं व्यक्तीच्या नांवानें परवाना देण्याच्या रीतीशीं जुळतात.

तात्पर्य, कागद अस्सल असूनहि त्यांतील माप अपुरें असूं शकतें. पाण्याच्या व्यवस्थेचे जुने कागद ज्यांच्या संग्रहीं असतील त्यांनीं आंकडा उतरून घेतांना तो कोणत्या मापानें घेतला आहे, हेंहि पाहावें, एवढीच आमची विनंति आहे.