अजिंठ्याचे छत, मुंबईचे मडके
मुंबईच्या सर जे. जे. कलाशाळेतले विद्यार्थी १८७२ ते १८८५ या काळात शिक्षक जॉन ग्रिफिथ्स यांच्या हाताखाली अजिंठ्याची चित्रे कॅनव्हासवर उतरवत होते. कलेच्या इतिहासात हे काम बहुधा ‘नकला’ म्हणून निकालात निघते. मला ते घडणीआधीच्या अभ्यासाचे काम वाटते, आणि त्याचा पुरावा काय उतरवले यातच आहे. जातककथांच्या मोठ्या प्रसंगांबरोबरच पहिल्या लेण्याच्या छतावरचे चौकोन, त्यांतली फळे, फुले, हत्ती हेही सुटेसुटे उतरवले गेले. कथाचित्राची प्रत भिंतीवर टांगता येते. चौकोनातली कमळवेल मात्र दुसरीकडे वापरता येते. ती वापरलीही गेली. शाळेत जॉर्ज टेरी यांनी चालवलेल्या कुंभारकामात अजिंठ्याचे नक्षीकाम भांड्यांवर चढले. सपाट छतावरची वेल मडक्याच्या फुगीर पोटावर आणायची तर कुठली रेघ तोडायची आणि कुठली राखायची, हे आधी उमगावे लागते. तिथे नक्कल संपते.

यावर आक्षेप असा की विद्यार्थ्यांनी यातले काहीच निवडले नव्हते. योजना सरकारी, आणि बऱ्याच प्रती गेल्या लंडनच्या साउथ केन्सिंग्टन संग्रहालयात, जिथे १८८५च्या आगीत त्यांतल्या अनेक जळाल्या. हे खरेच आहे. प्रश्न गुरूने ठरवला, शिष्याने फक्त उत्तर शोधले, आणि मार्गदर्शन म्हणून ही उणीव लहान नाही. (लेण्यांतली मूळ चित्रे स्पष्ट दिसावीत म्हणून त्यांवर व्हार्निश फासले गेले, ते पुढे काळवंडले, याचे समर्थन करता येत नाही.) पण प्रती उतरवल्याने कल्पकता मरते, हा दुसरा आक्षेप मला पटत नाही. व्हिक्टोरिया टर्मिनसचे काम १८७८ मध्ये सुरू झाले, त्याच्या कोरीवकामात याच शाळेच्या विद्यार्थ्यांचा हात होता, आणि त्या गॉथिक इमारतीवर इथले प्राणी, पक्षी आणि पाने आली. अजिंठ्याच्या मोहिमेतले पेस्तनजी बोमनजी तर पुढे नावारूपाला आले ते पारशी घरांतल्या माणसांच्या चित्रांमुळे. त्यांत बोधिसत्त्व शोधूनही सापडत नाही. शिक्षण एकट्या ग्रिफिथ्सचे नव्हते, हेही मान्य. व्हॅलेंटाइन प्रिन्सेप या इंग्रज चित्रकाराकडूनही पेस्तनजी शिकले. तरी लेण्यांतल्या त्या कामाने त्यांचा हात बांधून टाकला, असे म्हणायला ही चित्रे जागा ठेवत नाहीत.