उंबऱ्याआतला जुलूम आणि पुणे

पुण्याचा सामाजिक इतिहास लिहिणाऱ्यांनी वाडे नोंदले, सभा नोंदल्या, वर्तमानपत्रे आणि पुढारी नोंदले. उंबऱ्याच्या आत बाईला बसणारा मार कुणी नोंदला नाही. तो 'घरचा मामला' ठरला आणि घरच्या मामल्याला इतिहास नसतो, असे गृहीत धरले गेले. हे गृहीत मला मान्य नाही. या जुलमाविरुद्ध उभे राहण्याचा या शहराला दीडशे वर्षांहून मोठा इतिहास आहे. कायदे पुष्कळ नंतर आले; त्याआधी एका शूद्र जोडप्याने आपल्या घराचे दार उघडले होते. तो वारसा आपण मिरवतो. म्हणूनच त्याचा हिशेबही आपल्याला द्यावा लागेल.

काशीबाई नावाची ब्राह्मण विधवा जोतीरावांच्या एका स्नेह्याकडे स्वयंपाकाला होती. एका शास्त्र्यापासून तिला दिवस गेले. अब्रूच्या भयाने तिने जन्मलेले मूल मारले. खटला होऊन तिला काळ्या पाण्याची शिक्षा झाली. त्यानंतर, १८६३ साली, जोतीराव आणि सावित्रीबाईंनी स्वतःच्या घरातच बालहत्या प्रतिबंधक गृह काढले आणि तशा जाहिराती लावल्या : गुपचूप या, सुखरूप बाळंत व्हा, मूल न्या किंवा इथेच ठेवा. १८८४ साली मलबारींच्या टिपणांवर अभिप्राय देताना, तोवर ३५ गरोदर विधवा या घरी आल्याचे जोतीरावांनी लिहिले. अशाच एका विधवेच्या मुलाला, यशवंताला, त्यांनी दत्तक घेतले.

मुलींना शिकवते म्हणून ज्या समाजाने सावित्रीबाईंच्या अंगावर शेण फेकले, त्याच समाजाच्या लेकींची बाळंतपणे त्या माउलीने केली. निवारा, गुप्तता आणि 'तुझेच चुकले' असे न म्हणणारे माणूस, या तीन गोष्टी त्या घरात होत्या. आजही घरातून बाहेर पडलेल्या बाईला पहिल्या रात्री याच तीन गोष्टी लागतात.

दार उघडले, तसा शब्दही फुटला. १८८१ साली सुरतेच्या विजयालक्ष्मी या विधवेला बालहत्येबद्दल फाशीची शिक्षा झाली; पुढे ती कमी करण्यात आली. त्या निमित्ताने 'पुणे वैभव'ने स्त्रीजातीवरच तोंडसुख घेतले. बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे यांनी त्याला उत्तर म्हणून लिहिलेली 'स्त्रीपुरुष तुलना' १८८२ साली पुण्यातच छापली गेली. सत्यशोधक घरातल्या या बाईने सरळ विचारले, की जे दोष तुम्ही बायकांच्या माथी मारता ते पुरुषांत नाहीत काय? तिच्यावर टीका झाली तेव्हा स्वतः जोतीराव १८८५ च्या 'सत्सार'मध्ये तिच्या बाजूने उभे राहिले. टीका करणाऱ्यांत सत्यशोधकही होते, हे विसरू नये. बाई बोलली की आपलेही अस्वस्थ होतात, हे तेव्हापासूनचे आहे. त्याच काळात रखमाबाईने बालपणी लादलेल्या नवऱ्याकडे नांदायला नकार दिला. १८८७ साली मुंबईच्या न्यायालयाने 'नांदायला जा, नाहीतर सहा महिने तुरुंगात जा' असे सुनावले, तेव्हा पुण्याचा 'केसरी' तिच्या विरोधात होता.

हाच धागा पुढे बाबासाहेबांनी धरला. २० जुलै १९४२ रोजी नागपूरला सुलोचनाबाई डोंगरे यांच्या अध्यक्षतेखाली दलित महिलांची अखिल भारतीय परिषद भरली. बायकोने नवऱ्याची मैत्रीण म्हणून, बरोबरीची म्हणून उभे राहावे, दासी होण्यास नकार द्यावा, असे बाबासाहेबांनी तिथे सांगितले. त्या परिषदेने घटस्फोटाचा हक्क मागितला आणि एकाहून अधिक बायका करण्यास बंदी मागितली. निरक्षर म्हणून हिणवल्या गेलेल्या बायका हे ठराव करत होत्या, तेव्हा हिंदू कोड बिल अजून संसदेत यायचे होते.

स्वातंत्र्यानंतर पुणे खडबडून जागे झाले ते १९८२ च्या जूनमध्ये. लग्नाला चार महिने झालेली मंजुश्री सारडा सासरी मृतावस्थेत सापडली. सत्र न्यायालयाने नवऱ्याला फाशी सुनावली, उच्च न्यायालयाने ती कायम केली. सर्वोच्च न्यायालयाने १७ जुलै १९८४ रोजी त्याला निर्दोष सोडले. आत्महत्येची शक्यता नाकारता येत नाही, असे निकालात म्हटले. पण तिने बहिणीला आणि मैत्रिणीला लिहिलेली पत्रे सर्वांसमोर आली होती. विद्या बाळ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी नारी समता मंच उभा केला. 'मी एक मंजुश्री' हे प्रदर्शन गावोगाव गेले आणि बायका बोलू लागल्या. हे ऋण मान्य केलेच पाहिजे.

तरीही मला एक प्रश्न पडतो. मंजुश्रीची पत्रे उरली. वस्तीतली जी बाई भाजून मेली, तिचे काय उरले? 'स्टोव्हचा भडका उडाला' एवढी पोलिसातली एक ओळ.

तिची पत्रे आपल्याच बायकांनी लिहिली. बेबीताई कांबळे यांचे 'जिणं आमुचं' पुण्याहून निघणाऱ्या 'स्त्री' मासिकातून क्रमशः आले आणि १९८६ साली पुस्तकरूपाने निघाले. पळून गेलेल्या सुनेच्या पायात खोडा घालणारा, तिचे नाक कापणारा महारवाडा त्यांनी आडपडदा न ठेवता मांडला. गावकुसाबाहेर जो स्वतः गुलाम होता, तो घरात मालक होता. हे लिहिल्याने चळवळीची बदनामी होते, असे म्हणणाऱ्यांना माझे एकच विचारणे आहे : बदनामी मारण्याने होते, की सांगण्याने?

कायद्याची बाजूही कार्यकर्त्यांनी नीट समजून घ्यावी. १९८९ चा अत्याचार प्रतिबंधक कायदा जातीबाहेरच्या जुलमासाठी आहे. नवरा आपल्यातलाच असेल तर तो लागत नाही. तिथे १९८३ चे ४९८-अ कलम कामाला येत असे. जुलै २०२४ पासून न्याय संहितेत ते ८५ आणि ८६ या क्रमांकांनी आहे. त्याहून मोलाचा आहे तो २६ ऑक्टोबर २००६ पासून अमलात आलेला कौटुंबिक हिंसाचाराचा कायदा. मारहाणच नव्हे, तर शिवीगाळ, लैंगिक जबरदस्ती, पैसे काढून घेणे यांनाही तो हिंसा म्हणतो. घर नवऱ्याच्या नावावर असले तरी बाईला त्यात राहण्याचा हक्क देतो. संरक्षण अधिकाऱ्याने घटनेचा अहवाल लिहून दंडाधिकाऱ्यांकडे द्यायचा असतो. त्यासाठी बाईला वकील लावावा लागत नाही. जोतीरावांनी आपले दार उघडले. हा कायदा म्हणतो, तिचे स्वतःचे दार तिच्यासाठी कुणी बंद करू शकत नाही.

पण कागद आपल्या पायांनी वस्तीत येत नाही. विहारात, समाजमंदिरात, वाचनालयात, शाळेच्या पालकसभेत हा कायदा मराठीत मोठ्याने वाचून दाखवला पाहिजे. जयंतीच्या वर्गणीतून दोन खोल्या अशा ठेवता येतील, जिथे रात्री-अपरात्री आलेल्या बाईला कुणी 'परत जा, नांद' म्हणणार नाही. मारणारा आपला पुढारी असला तरी त्याच्यासाठी मध्यस्थी करायला जायचे नाही, एवढा नियम प्रत्येक शाखेने आज करावा.

फुल्यांच्या घरापाशी आपण दरवर्षी हार घेऊन जातो. हार घालून परतताना आपल्या गल्लीत रात्री किंचाळी ऐकू आली, तर त्या दाराची कडी वाजवायला आपल्यातले किती जण पुढे होतील?